‘बाकी सर्व बंद’ : संगणकाच्या दारावरील पहिला नियम



कापसाच्या प्रदेशांत राहणाऱ्या आपणां सर्वांस आगीची धास्ती काय असते हें सांगावयास नको. वणी, पांढरकवडा, राळेगांव, यवतमाळ ह्या भागांतील जिनिंगच्या आवारांत हंगामाच्या दिवसांत जाऊन पाहावें. कापसाच्या गंज्या एकमेकींस लागून रचीत नाहींत; त्यांच्यामध्यें मोकळी जागा ठेवितात. एका गंजीस ठिणगी लागलीच तर ती दुसरीपर्यंत पोहोंचूं नये, हा त्यांतील हेतु. इमारतींच्या बाबतींत हीच युक्ति निराळ्या रूपानें योजितात. दोन भागांमध्यें न जळणारी जाड भिंत उभी करितात, म्हणजे एका भागांतील आग दुसऱ्यांत जात नाहीं. ह्या भिंतीस इंग्रजींत फायरवॉल म्हणतात, व संगणकशास्त्रानें हें नांव तेथूनच उसनें घेतलें आहे. संगणकांच्या जाळ्यांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस काय जाऊं द्यावें व काय जाऊं देऊं नये हें ठरविणारें जें यंत्र अथवा जी आज्ञावली, तिचें नांव फायरवॉल. तिची अंतर्रचना आज सांगावयाची नाहीं. तिला जो पहिला व मुख्य हुकूम द्यावा लागतो त्याविषयींच आज विचार करावयाचा आहे. कारण तो हुकूम चुकला तर अत्यंत महाग यंत्रहि निरुपयोगी होतें, आणि तो बरोबर असला तर साधें यंत्रहि पुष्कळ संरक्षण देतें.

कोणत्याहि दारावर पहारेकरी बसविला कीं त्यास दोन हुकुमांपैकीं एक द्यावा लागतो. पहिला असा : ‘ही वाईट माणसांची यादी घे, ह्यांतील कोणी आला तर त्यास अडव, बाकी सर्वांस सोड.’ दुसरा असा : ‘ज्यांचें येथें काम आहे त्यांची ही यादी घे, हिच्यांत नांव असेल त्यास सोड, बाकी सर्वांस अडव.’ वरवर पाहतां दोन्ही हुकूम सारखेच वाटतात, कारण दोहोंतहि एक यादी आहे व एक पहारेकरी आहे. पण ज्याचें नांव कोणत्याच यादींत नाहीं असा अनोळखी मनुष्य दारावर आला म्हणजे दोहोंतील अंतर एकदम उघडकीस येतें. पहिल्या हुकुमानें तो आंत जातो. दुसऱ्या हुकुमानें तो बाहेर राहतो. संगणकाच्या सुरक्षिततेचा पहिला धडा हा कीं फायरवॉलला नेहमीं दुसरा हुकूम द्यावा. नेमकें जेवढें लागतें तेवढें उघडावें, आणि यादीच्या अगदीं शेवटीं एक ओळ लिहावी : बाकी सर्व बंद.

आम्हां शिक्षकांस ह्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शालान्त परीक्षेच्या दालनाशीं उभा असलेला पर्यवेक्षक तोतयांची यादी हातांत घेऊन बसत नाहीं. जगांत तोतये किती व ते कोण हें त्यास कसें कळावें? तो एवढेंच पाहतो कीं समोरच्या मुलाजवळ प्रवेशपत्र आहे कीं नाहीं, व त्यावरील आसनक्रमांक ह्याच दालनाचा आहे कीं नाहीं. ज्याच्याजवळ प्रवेशपत्र नाहीं तो चोर आहे असें पर्यवेक्षक म्हणत नाहीं. त्याचें येथें काम नाहीं एवढेंच म्हणतो. फायरवॉलचा नकारहि असाच आहे. त्यांत कोणावर आरोप नसतो. केवळ कामाचा पुरावा मागितलेला असतो.

आतां हा पहारा प्रत्यक्षांत कसा चालतो तें पाहूं. संगणकांच्या जाळ्यांतून जें जें जातें, तें पत्र असो, चित्र असो, कीं बँकेचा व्यवहार असो, तें लहान लहान पुडक्यांच्या रूपानें जातें. टपालाच्या पाकिटाप्रमाणें प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. तें कोठून निघालें, कोठें जावयाचें आहे, आणि त्या ठिकाणच्या कोणत्या दारावर तें द्यावयाचें आहे, हें त्यावर लिहिलेलें असतें. हें दार म्हणजे केवळ एक क्रमांक होय. त्यास पोर्ट म्हणतात. टीसीपी ह्या नेहमींच्या पद्धतींत असे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. म्हणजे एकेका संगणकास ६५,५३६ दारें झालीं. त्यांपैकीं कांहींचीं कामें ठरून गेलेलीं आहेत. ४४३ क्रमांकाच्या दारानें गुप्त लिपींत गुंडाळलेलीं वेबपानें येतात; २५ क्रमांकानें ई-मेलची देवघेव होते; ४४५ क्रमांकानें विंडोजचे संगणक आपसांत फायली वांटून घेतात; ३३८९ क्रमांकानें दूर बसलेला मनुष्य विंडोजचा संगणक आपल्या पडद्यावर चालवूं शकतो. दारामागें एखादी आज्ञावली ऐकावयास बसलेली असेल तरच तें दार खरोखरी उघडें असतें. पण मौज अशी कीं कित्येकदां अशी आज्ञावली बसलेली असते, व मालकास तिची गंधवार्ताहि नसते.

बहुतेक फायरवॉल आपली नियमांची यादी वरून खालीं वाचीत जातात, व जो नियम प्रथम लागू पडेल तो अंमलांत आणितात. ‘आमच्या कार्यालयांतील संगणकांस ४४३ क्रमांकानें बाहेर जाऊं द्यावें’, ‘मुख्य कचेरीच्या अमुक पत्त्यावरून येणारें अमुक काम आंत येऊं द्यावें’, असे चार-सहा नियम वर असतात. आंतून कोणी प्रश्न विचारला असेल तर त्याचें उत्तर परत येऊं द्यावें हेंहि आधुनिक फायरवॉल स्मरणांत ठेविते. त्यासाठीं निराळें दार उघडें टाकावें लागत नाहीं. आणि ह्या सर्वांच्या तळाशीं ती शेवटची ओळ असते. जें पुडकें वरील एकाहि नियमांत बसत नाहीं तें येथें थांबतें, व त्याची नोंद वहींत होते.

आतां कोणी विचारील कीं वाईट माणसांची यादी केली तर काय बिघडलें? विषाणु-नाशक आज्ञावली तसेंच करितात ना? बिघडतें तें दोन कारणांनीं. पहिलें कारण हिशेबाचें आहे. एखाद्या लहान पतसंस्थेच्या शाखेस ६५,५३६ दारांपैकीं खरोखरी लागणारीं दारें एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील. तेवढ्यांची यादी अर्ध्या दिवसांत होते व ती वर्षानुवर्षें फारशी बदलत नाहीं. उलट वाईटांची यादी करूं म्हटलें तर ती कधींच पुरी होत नाहीं, कारण उद्यां कोणता चोर जन्मास येणार हें आज कोणासच ठाऊक नाहीं. काल निघालेल्या विषाणूचें नांव कालच्या यादींत नसावयाचेंच. जो धोका अद्याप कोणीं पाहिलाहि नाहीं त्याच्यापासून थोडेंबहुत रक्षण करण्याचें सामर्थ्य केवळ ‘बाकी सर्व बंद’ ह्या ओळींत आहे.

दुसरें कारण मला अधिक महत्त्वाचें वाटतें. माणसाच्या हातून चूक ही व्हावयाचीच. प्रश्न एवढाच कीं ती चूक उघडकीस कशी येते. सर्व दारें बंद ठेवण्याच्या पद्धतींत एखादें आवश्यक दार उघडावयाचें राहिलें तर काम अडतें, कारकून तक्रार करितो, अर्ध्या तासांत चूक सांपडते व दुरुस्त होते. सर्व दारें उघडीं ठेवण्याच्या पद्धतींत एखादें धोक्याचें दार लावावयाचें राहिलें तर कोणाचेंच काम अडत नाहीं, कोणी तक्रार करीत नाहीं, सर्व कांहीं सुरळीत चाललेलें दिसतें. त्या चुकीचा पत्ता प्रथम चोरास लागतो, आणि तो कांहीं आपणांस कळवावयास येत नाहीं. एका पद्धतींत चूक ओरडते. दुसरींत ती गप्प बसते. शहाण्यानें ओरडणारी चूक पत्करावी.

हा विचार कालपरवांचा नाहीं. १९७५ सालीं जेरोम साल्टझर व मायकेल श्रोडर ह्या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं संगणकांतील माहितीच्या संरक्षणावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यांत हें तत्त्व स्पष्ट मांडलेलें आहे. प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारावा, मनाईवर नव्हे, असा त्याचा आशय. व ही सूचना मूळ १९६५ सालीं ई. ग्लेझर ह्यांनीं केली होती असेंहि त्यांनीं नमूद केलें आहे. पण शहाणपणाचें वाक्य लिहिलें जाणें आणि तें लोकांच्या अंगवळणीं पडणें ह्यांत बरेंच अंतर असतें. आरंभींचें इंटरनेट हें विद्यापीठांतील व संशोधन-संस्थांतील ओळखीच्या मंडळींचें जाळें होतें. तेथें दारें लावण्याची चाल नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली आपली आपणच प्रती काढीत ह्या जाळ्यांत पसरली, व कांहीं हजार संगणक बेजार झाले. त्यानंतरच्या वर्षांत फायरवॉल ही वस्तु खऱ्या अर्थानें प्रचारांत आली. आपल्याकडे सर्वसाधारण जनतेसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केलें. तोंवर पहाऱ्याची आवश्यकता जगास पटूं लागली होती.

घरगुती संगणकांस मात्र हा धडा मिळावयास आणखी वेळ लागला. ऑगस्ट २००३ मध्यें ब्लास्टर नांवाचा विषाणु विंडोजच्या संगणकांत १३५ क्रमांकाच्या दारानें शिरत होता. मालकानें कांहीं उघडण्याची किंवा दाबण्याची गरज नव्हती. इंटरनेटला जोडलेलें असणें एवढेंच पुरे होतें. पुढच्या वर्षीं, म्हणजे ऑगस्ट २००४ मध्यें, मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्सपीची जी दुसरी मोठी दुरुस्ती काढली, तींत फायरवॉल आपोआप चालू केलेली होती, व बाहेरून न बोलावतां येणारें सर्व कांहीं बंद होतें. म्हणजे आज आपण ज्या संगणकावर पत्रें वाचतां, त्यांत हें तत्त्व आपल्या नकळत काम करीत असतें. अमेरिकेच्या निस्ट ह्या प्रमाण-संस्थेनेंहि २००९ च्या आपल्या फायरवॉल-मार्गदर्शिकेंत, स्पष्ट परवानगी दिलेली नाहीं तें सर्व अडवावें, हाच सल्ला दिला आहे.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील एक प्रसंग पाहूं. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांत एक विनाशक आज्ञावली सुटली. तिला पुढें नॉटपेट्या हें नांव पडलें. त्या देशांत कराच्या हिशेबासाठीं एम.ई.डॉक नांवाचें एक सॉफ्टवेअर पुष्कळ कचेऱ्या वापरीत असत. त्याच्या नव्या आवृत्तीबरोबर ही आज्ञावली त्या कचेऱ्यांत शिरली. डेन्मार्कची मर्स्क ही मोठी जहाज-कंपनी तींत सांपडली. ह्याच समूहांतील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी उरणजवळ न्हावा-शेवा येथें, जवाहरलाल नेहरू बंदरांतील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का चालवीत होती. युक्रेनमध्यें लागलेली ठिणगी बघतां बघतां रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन पोहोंचली. त्या धक्क्यावरील संगणकांचें काम बंद पडलें, आणि कंटेनर ओळखून उतरविण्याचें व चढविण्याचें काम हातानें करण्याची पाळी आली. विदर्भाच्या मालास समुद्र गाठावयाचा तर न्हावा-शेवा हें एक प्रमुख दार आहे. तेव्हां ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची समजूं नये. मर्स्कच्या अध्यक्षांनीं पुढें जाहीरपणें सांगितलें कीं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक पुन्हां नव्यानें उभे करावे लागले. कंपनीनें आपल्या नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला.

ही आग इतकी पसरली कशी? नॉटपेट्या संगणकांत शिरली कीं शेजारच्या संगणकांवर ४४५ क्रमांकाचें दार ठोठावीत असे. त्या दारामागील आज्ञावलींत एक उणीव होती. ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच प्रसिद्ध केली होती. ह्याच दाराचा उपयोग करून १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या दुसऱ्या आज्ञावलीनें जगभर धुमाकूळ घातला होता. पण नॉटपेट्याजवळ आणखी एक किल्ली होती. ज्या संगणकांत ती शिरे त्याच्या स्मृतींतील परवलीचे शब्द ती उचली, आणि ते वापरून दुरुस्त केलेल्या संगणकांतहि जाई. म्हणजे एक संगणक निष्काळजी राहिला तर त्याच्या शेजारचे काळजी घेणारेहि जळाले.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. कंपनीच्या बाहेरच्या वेशीवर कितीहि कडक पहारा असता तरी तेवढ्यानें ही आपत्ति टळली नसती. कारण शत्रु ओळखीच्या पाहुण्याच्या वेषांत, परवानगी असलेल्या वाटेनेंच आंत आला होता. पण हिशेबनिसाच्या संगणकानें धक्क्यावरील क्रेनच्या संगणकाशीं ४४५ क्रमांकाच्या दारानें बोलण्याचें कारण काय? एका देशांतील कचेरीनें दुसऱ्या खंडांतील कचेरीच्या प्रत्येक संगणकाचें दार ठोठावण्याचें कारण काय? कापसाच्या गंज्यांमध्यें आपण जी मोकळी जागा ठेवितों तीच येथें हवी होती. ‘बाकी सर्व बंद’ हा नियम केवळ वाड्याच्या दिंडी-दरवाजावर लावून भागत नाहीं. तो आंतील प्रत्येक खोलीच्या दारावरहि लागला पाहिजे. असें असेल तर आग लागते, पण एका खोलींत लागते.

दुसरा प्रसंग पैशांचा आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालीं स्थापन झालेली, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षांची जुनी संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांच्या आंत २८ देशांतील एटीएममधून सुमारें १२,००० व्यवहारांनीं जवळजवळ ७८ कोटि रुपये, आणि भारतांत २,८४९ व्यवहारांनीं सुमारें अडीच कोटि रुपये, बनावट कार्डांवर काढण्यांत आले. १३ ऑगस्ट रोजीं आणखी १३ कोटि ९२ लाख रुपये आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेच्या मार्गानें हाँगकाँगच्या एका खात्यांत गेले. सर्व मिळून रक्कम ९४ कोटींवर गेली. चोरांनीं केलें तें असें : कोणी कार्ड घातलें म्हणजे ‘ह्यास पैसे द्यावे काय?’ असा प्रश्न एटीएमकडून बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जावयाचा असतो. तो तेथें पोहोंचूंच न देतां मध्येंच बसविलेली एक खोटी यंत्रणा ‘होय, द्यावे’ असें उत्तर देऊं लागली. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ह्या प्रकरणीं ११ जणांस दोषी ठरविलें.

अशा प्रकारच्या कोणत्याहि चोरीस तीन गोष्टी साधाव्या लागतात : बाहेरून आंत शिरणें, आंतल्या आंत एका संगणकावरून दुसऱ्यावर हिंडणें, आणि आंतून बाहेरच्या धन्याशीं बोलत राहणें. ह्यांपैकीं पहिली गोष्ट एखाद्या फसव्या ई-मेलनेंहि साधते, व तेथें फायरवॉलचा इलाज तोकडा पडतो. पण दुसरी व तिसरी गोष्ट हीं तिच्याच कक्षेंतील आहेत. पुष्कळ ठिकाणीं आंत येणाऱ्यावर पहारा असतो आणि बाहेर जाणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं. गोदामांत चोर शिरतो तेव्हां त्यास माल घेऊन बाहेरहि पडावें लागतें, हें कोठीवाला जाणतो व दोन्ही वेळां पावती पाहतो. ज्या यंत्रणेचें काम केवळ दोन ठरलेल्या पत्त्यांशीं बोलण्याचें आहे, तिला तिसऱ्या पत्त्याशीं एक अक्षरहि बोलूं देऊं नये. कॉसमॉसच्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांनीं, १९ ऑक्टोबर २०१८ रोजीं, रिझर्व्ह बँकेनें नागरी सहकारी बँकांसाठीं संगणक-सुरक्षिततेची एक मूलभूत चौकट घालून दिली, हें ह्या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ह्या पद्धतीवरील आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप गैरसोयीचा. ‘साहेब, सारें बंद केलें तर काम कसें चालावयाचें?’ असें कचेरींतील मंडळी म्हणतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पहिले आठ-पंधरा दिवस त्रास होतो. म्हणून जाणते लोक प्रथम कांहीं काळ केवळ नोंद घेतात. कोणत्या दारानें कोण येतें-जातें हें वहींत उतरूं देतात, त्यावरून खरी गरज ठरवितात, व मगच दारें लावितात. दुसरा धोका अपवादांचा. सणासुदीस दूरच्या तंत्रज्ञास काम करतां यावें म्हणून ‘दोन दिवसांपुरतें’ एक दार उघडतात. दोन दिवसांचीं दोन वर्षें होतात, तंत्रज्ञ नोकरी सोडून जातो, आणि दार तसेंच राहतें. कोणी तर कंटाळून यादीच्या माथ्यावरच ‘कोणासहि, कोठेंहि जाऊं द्यावें’ असा एक नियम लिहून ठेवितो. तो वर असल्यामुळें प्रथम लागू पडतो, आणि खालची ‘बाकी सर्व बंद’ ही ओळ कधीं वाचलीच जात नाहीं. कागदावर नियम आहे, भिंतीवर यंत्र आहे, त्याचा दिवाहि लुकलुकतो आहे. आणि पहारा मात्र शून्य आहे. म्हणून प्रत्येक अपवादापुढें तीन गोष्टी लिहाव्या : तो कोणीं मागितला, कशासाठीं मागितला, आणि कोणत्या तारखेस संपतो. वर्षांतून दोनदां ती यादी वाचावी, आणि ज्या ओळीचें कारण कोणासच सांगतां येत नाहीं ती खोडावी. नाकारलेल्या पुडक्यांच्या नोंदीहि जपून ठेवाव्या. एप्रिल २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें काढलेल्या आदेशांत अशा नोंदी १८० दिवस ठेवण्यास सांगितलें आहे.

ह्या सर्व विवेचनाच्या मुळाशीं जी गोष्ट आहे ती माझ्या मतें यंत्राची नाहींच. ‘लागेल तेवढें उघड, बाकी बंद’ असें म्हणावयास आधीं काय लागतें हें ठाऊक असावें लागतें. आपल्या कचेरींत संगणक किती, त्यांपैकीं कोणता कोणाशीं बोलतो, कशासाठीं बोलतो, हें विचारलें तर पुष्कळ ठिकाणीं कोणासच उत्तर देतां येत नाहीं. सर्व दारें उघडीं ठेवण्याची पद्धति लोकप्रिय आहे ती एवढ्याचसाठीं, कीं तिच्यांत आपल्या कामाचा विचार करावा लागत नाहीं. उलट पद्धति स्वीकारली कीं पहिल्याच दिवशीं आपल्या घरची मोजदाद करावी लागते. ही मोजदाद हाच तिचा अर्धा लाभ होय. आणि आज ती टाळतां येण्यासारखी राहिलेली नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा सात-बारा संगणकांत आहे, त्याच्या पीककर्जाचा हिशेब संगणकांत आहे, रुग्णाचे कागद आणि विद्यार्थ्याचे गुण संगणकांत आहेत. मुंबई-पुण्याच्या कंपनीस दहा दिवसांत ४५,००० संगणक उभे करण्याचें बळ असेल. तालुक्याच्या गांवीं एखाद्या लहान पतसंस्थेची वही जळाली तर तिच्या ठेवीदारांनीं कोणाकडे पाहावें?

आतां घराकडे वळूं. घरांत इंटरनेट आणणारी जी लहानशी पेटी असते, तिला राउटर म्हणतात; तीच बहुधा आपली फायरवॉलहि असते. बाहेरून न बोलावतां येणारें पुडकें ती साधारणपणें आंत घेत नाहीं. पण तिचे कांहीं नियम आपल्या नकळत सैल झालेले असूं शकतात. म्हणून पुढील गोष्टी एकदां जाणत्या माणसाकडून पाहून घ्याव्या. राउटरबरोबर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द बदलावा. इंटरनेटवरून राउटर चालविण्याची सोय बंद करावी. घरांतील उपकरणांस आपण होऊन बाहेरचें दार उघडूं देणारी यूपीएनपी नांवाची सोय नको असल्यास काढून टाकावी. घराचे कॅमेरे, दूरचित्रवाणी-संच व पाहुण्यांचे फोन शक्य तर निराळ्या वाय-फायवर ठेवावे, म्हणजे ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करितां त्याच्या खोलींत ते येणार नाहींत. हा बाऊ नव्हे. २०१६ सालीं मिराई नांवाच्या आज्ञावलीनें जगभरांतील असंख्य कॅमेरे व राउटर केवळ उघड्या दारानें व साठेक ठरीव परवलीच्या शब्दांनीं ताब्यांत घेतले, व २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यांच्या एकवटलेल्या माऱ्यानें अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास लोकांस मिळेनाशीं झालीं. आपल्या दारावरचा कॅमेरा चोरावर नजर ठेवण्यासाठीं असतो. तोच चोराच्या फौजेंत भरती व्हावा, हें कोणासहि रुचणार नाहीं.

मात्र फायरवॉल म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. ती पत्ता व दार पाहते. आपण स्वतः उघडलेल्या वाटेनें आंत घेतलेल्या पत्रांत विष आहे कीं अमृत, हें तिला प्रत्येक वेळीं कळेलच असें नाहीं. फोनवर गोड बोलून कोणीं आपणांकडून ओटीपी काढून घेतला, किंवा संगणक दुरून चालविण्याची आज्ञावली आपल्याच हातानें बसवून घेतली, तर तेथें पहारेकऱ्याचा दोष नाहीं. मालकानेंच चोराचा हात धरून त्यास आंत आणिलें. तेथेंहि हेंच तत्त्व मनांत बाळगावें : ज्यास आपण बोलाविलें नाहीं, त्यानें मागितलेलें देऊं नये. आणि पैसे गेलेच तर संकोच न करितां ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. तेथें वेळेस फार मोल आहे.

शेवटीं एक शंका उरते, व ती एका सद्गृहस्थांनीं मला विचारलीहि होती. ‘मास्तर, जन्मभर आपण शाळेचें दार सर्वांस उघडें असावें म्हणून सांगत आलांत, आतां सर्व दारें लावा म्हणून कसें सांगतां?’ ह्यांत विरोध आहे असें मला वाटत नाहीं. शाळा, वाचनालय, पाणवठा हीं सर्वांसाठींच आहेत. तेथें ‘सर्वांस येऊं द्यावें’ हीच कामाची यादी आहे. पण वाचनालय सर्वांस उघडें असतें म्हणून कोणी त्याच्या वर्गणीच्या पेटीस कुलूप लावावयाचें सोडीत नाहीं. उलट पेटी नीट लावलेली असते म्हणूनच वाचनालयाचें दार निर्धास्तपणें उघडें ठेवतां येतें. माणसांविषयीं संशय बाळगण्याचा हा उपदेश नव्हे. एका क्षणांत हजार दारें ठोठावणाऱ्या यंत्रांपुढें, ज्यांनीं विश्वासानें आपली कष्टाची कमाई व आपलीं नांवें आपल्या स्वाधीन केलीं, त्यांच्याविषयींचें हें कर्तव्य होय. तें पार पाडण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. आपलें काम काय तें नीट लिहून काढावें, तेवढ्यापुरतीं दारें उघडावीं, आणि यादीच्या तळाशीं ती एक ओळ न विसरतां लिहावी.